नागपूरजवळ पाणपक्षी पाहायला वर्षात कधी, कुठे जावं? (पाचवीतला मुलगा सोबत आहे)

मनीषनगरची_आई
९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलाच्या शाळेत पक्षी सप्ताह सुरू आहे. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला डॉ. सलीम अलींचा, म्हणून हे दिवस निवडलेत, हेही मला लेकाकडूनच कळलं. बाईंनी सांगितलं, घराजवळचे दहा पक्षी लिहून आणा. कावळा, कबुतर, चिमणी, साळुंकी, बुलबुल इथवर गाडी आली आणि अडली. सहावा पक्षी म्हणून साहेबांनी कोंबडी लिहिली. बाईंनी त्यावर लाल गोल केला, आणि तेव्हापासून घरात या विषयाचं वेड शिरलंय.

मामाने लगेच दुर्बीण पाठवली. तिच्यावर २० बाय ५० लिहिलंय. पण डोळ्याला लावली की सगळं थरथरतं, भूकंप आल्यासारखं.

आतापर्यंत दोनदा गेलो. एका रविवारी दहाच्या सुमारास अंबाझरी तलावावर. माणसंच माणसं, एक बगळा. पुढच्या रविवारी हिंगण्याकडे झिल्पीला. यंदा पाऊस लांबला, त्यामुळे तलाव काठोकाठ भरलेला, आणि पार मध्यभागी तीन काळे ठिपके. ते पक्षी होते की माठ, देव जाणे. लेक काही बोलला नाही, पण परत येताना गाडीत दुर्बीण मागच्या सीटवर टाकून दिली. ह्यांचं म्हणणं, पक्षी दिसायला नशीब लागतं.

तर विचारायचं असं, की नेमकं कोणत्या महिन्यात जायचं? नाताळच्या सुट्टीत गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावाला एक मुक्काम करावा असं मनात आहे, जमेल का? ह्यांना रविवारीही ड्युटी असते, त्यामुळे बहुतेक वेळा मी आणि लेक दोघंच असू. आणि ही दुर्बीण माझ्या हाताला सुधारेल का?


पाणलावा
९ नोव्हेंबर, रात्री ११.१५

ताई, स्वागत. घाईत लिहितोय, सकाळी क्लास आहे.

दुर्बीण तुमच्या हाताने सुधारणार नाही. २० पट मोठं दिसतं म्हणजे हाताचा कंपही २० पट मोठा होतो. तिला ट्रायपॉड लागतो. पक्ष्यांसाठी ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात, तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो. तुमच्या दुर्बिणीत ५० भागिले २०, म्हणजे अडीच. पहाटेच्या अंधूक उजेडात हा फरक फार जाणवतो. मामाला मात्र सांगू नका.

मोबाइलमध्ये ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदींचं) आणि मर्लिन (पक्षी ओळखायचं) ही दोन अ‍ॅप टाकून ठेवा. ईबर्डवर नागपूर जिल्हा निवडला की कोणता पक्षी कोणत्या महिन्यात दिसतो त्याच्या पट्ट्या दिसतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून दरवर्षी चालू आहे. तिच्यात नवख्यांनाही सोबत घेतात, तिथे शिकायला मिळेल.

आणि दहा वाजता जाऊ नका हो. साडेसहा.


कॅमेरा_धरमपेठ
१० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नागपूरच्या आसपास आता काही राहिलं नाही. फुटाळा तलावाची गत तुम्ही पाहताच आहात, अंबाझरीत जलपर्णी. नवेगावबांधला मी गेल्या वर्षी दोन दिवस बसलो, पक्षी इतके लांब की ६०० एमएमच्या लेन्सलाही ठिपके. मुलाला खरंच आवड लावायची असेल तर नाशिककडे नांदूर मध्यमेश्वरला न्या. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये तसं जाहीर झालं. चापडगावला मनोरे आहेत. समृद्धीमुळे प्रवासही आता सोपा झालाय. एकदाच जा, पण चांगल्या ठिकाणी जा.


लाइनमन_निवृत्त
१० नोव्हेंबर, दुपारी ३.३०

ताई, तुमच्या मिस्टरांना सांगा, नशिबाला यात मध्ये आणू नका. तुम्ही भरल्या पाण्यावर गेल्या, एवढंच झालं.

आधी माझी ओळख देतो, नाहीतर म्हणाल हा कोण. मी वीज खात्यात ३१ वर्षं लाइनमन होतो. त्यातली १२ साकोली आणि अर्जुनी मोरगावच्या पट्ट्यात. म्हणजे नवेगावबांधचा तलाव मी सहलीला जाऊन नाही पाहिला, सायकलवर पक्कड आणि दोरखंड बांधून पाहिला, बाराही महिने. आता मानेवाड्याला असतो. गुडघे गेले, दुर्बीण आहे.

पक्ष्यांचा नाद कसा लागला तेही सांगून टाकतो. पावसाळ्यात एकदा ११ केव्हीची लाइन ट्रिप झाली. आम्ही दोघं लाइन पाहत पाहत निघालो. धानाच्या बांधीत, दोन खांबांच्या मधोमध, तारेखाली सारस पडलेला. उभा राहिला तर माझ्या खांद्याला लागला असता एवढा पक्षी. पंख उघडले तर दोन्ही तारांना टेकतील असा. लॉगबुकात ट्रिपिंगचं कारण लिहावं लागतं: वादळ, फांदी, वानर, पक्षी. मी "पक्षी" लिहिलं. कोणता ते लिहायला रकाना नव्हता. घरी आलो, एक जुनं कोरं लॉगबुक होतं, त्यात मीच रकाने आखले. तारीख, जागा, पाणी, पक्षी. त्या वह्या आता सात झाल्या आहेत.

त्यातला "पाणी" हा रकाना तुमच्या कामाचा. पाणपक्षी खोली पाहून उतरतो. शेकाट्याचे पाय काडीसारखे लांब, तो घोटाभर ते वीतभर पाण्यात चालतो. तुतवार तर नुसत्या ओल्या चिखलात. तलवार बदक, गडवाल ही मंडळी डोकं पाण्यात आणि शेपटी वर करून तळाचं खातात, म्हणजे मान पोचेल एवढंच पाणी त्यांना चालतं. थापट्याची चोच फावड्यासारखी, तो वरचं पाणी गाळत फिरतो. खोल पाणी लागतं ते बुडी मारणाऱ्यांना: लालसरी, शेंडी बदक, पाणकावळा. आता तुम्ही सांगा, तलाव काठोकाठ असताना गवतापासून एका पावलावर छातीभर पाणी. शेकाट्याने उभं कुठे राहायचं? तुमचे ते तीन काळे ठिपके बहुतेक वारकरी असतील. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून ते नाव. पोराला पुढच्या वेळी टिळा शोधायला सांगा.

दिवाळीच्या सुट्टीत सगळं नागपूर तलावावर जातं आणि तोंड पाडून येतं, त्याचं कारण हेच. पक्षी आलेले असतात, पण पसरलेले असतात. कोणी धानाच्या बांधीत, कोणी बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, कोणी नाल्यात. पुढे रब्बीला पाणी सुटतं, तलाव दररोज बोट-बोट उतरतो, काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. तो पट्टा दिसायला लागला की निघायचं. कॅलेंडर कशाला पाहता.

आता नवेगावबांधबद्दल. हा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. धरणाचा इंजिनिअर नाही, सिमेंट नाही. भोवतालच्या टेकड्यांच्या मधल्या फटी मातीच्या पाळीने बुजवल्या आणि पाणी अडवलं. त्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, त्यांनीच बांधकामाला मदत केली अशी लोकांची श्रद्धा. कोलू पाटलांना लोक कोलासूर म्हणून पूजतात. चितमपल्ली सर वन खात्याच्या नोकरीत इथेच बरीच वर्षं होते. पक्ष्यांची नावं त्यांनी ढिवर (मासेमार), गोंड, कोहळी लोकांच्या तोंडून गोळा केली. मला "पुस्तकातलं नाव" आणि "गावातलं नाव" असे दोन रकाने करायची अक्कल त्यामुळेच आली.

माझं वर्ष मृगापासून सुरू होतं. त्याच्या आधी पावशा ओरडून ओरडून डोकं खातो, आणि आफ्रिकेकडून चातक येऊन पोचतो. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी. पाऊस पडला की तलावाकडे पाठ करा आणि बांध्यांकडे पाहा. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालू असते, आणि रोवणाऱ्या बायांच्या मागे उघड्या चोचीचे करकोचे चालत असतात, गोगलगायी उचलत. त्यांच्या चोचीच्या दोन पात्यांत मधेच फट असते, पिल्लाला ती नसते. गायबगळा, जो तुम्ही एरवी पांढराफटक पाहता, तो या दिवसांत हळद लागल्यासारखा नारिंगी. टिबुकली पाण्यावर तरंगतं घरटं करते, आणि उठून जाताना अंड्यांवर ओलं शेवाळ ओढते. आणि कमळपक्षी! लांब शेपटीचा. तो बाप्पा कमळाच्या पानांवरून असा चालतो जसं पाणीच नाही. मादी अंडी देऊन दुसऱ्या नराकडे निघून जाते, अंडी उबवायची आणि पोरं सांभाळायची ती बापाने. हे आमच्या घरात सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, तिला भेटायचंय.

सारसाचं घरटं याच दिवसांत, धानाच्या बांधीतच. बहुतेक दोन अंडी. शेतकरी तेवढी जागा रोवायची सोडतो, काही ठिकाणी तरी. कुठे ते मी इथे लिहिणार नाही, विचारू नका. विजेच्या तारांचा विषय पुढे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तेव्हा मी रिटायर झालो होतो. वर्तमानपत्रात वाचताना ते लॉगबुक आठवलं.

गणपतीच्या आसपास धोबी येतो, शेपटी वरखाली करत. हिवाळ्याचा हा पहिला पाहुणा, आणि त्याला तलावही लागत नाही, तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरही दिसेल. बदकांत भिवई बदक सगळ्यांच्या आधी. मग दिवाळी, त्याबद्दल बोलून झालं.

खरी मजा डिसेंबरच्या मध्यापासून. नाताळला जा, जरूर जा. पण मला विचाराल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. पाणी आणखी उतरलेलं, पक्षी दाटीने. पहाटे पाळीवर बसायचं, गरम कपडे घालून. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरात साडेतीन अंशांपर्यंत पारा गेला होता, आणि तलावावर तर वारंही असतं. पट्ट्यांचा हंस, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला कादंब, दिवसा पाण्याकाठी झोपतो आणि रात्री लाखोळीच्या, हरभऱ्याच्या शेतात चरतो. उजाडताना ते शेतातून परतीला लागतात. आधी आवाज येतो, मग आकाशात वाकडीतिकडी रांग. हा तिबेट, मंगोलियाकडचा पाहुणा, हिमालय ओलांडून आलेला. सात हजार मीटरपेक्षा उंच उडताना याची नोंद झालेली आहे. आणि आपण भंडारा रोडच्या उड्डाणपुलाला कंटाळतो.

मार्चमध्ये पळस फुलतो, गुलाबी-काळ्या पळसमैनांचे थवे त्याच्यावर तुटून पडतात. बदकं अस्वस्थ दिसतात, विनाकारण उठतात, एक चक्कर मारून बसतात. मग एका सकाळी अर्धा तलाव रिकामा. जातात ते रात्री, सांगून जात नाहीत.

उन्हाळ्यात कोणी जात नाही आणि म्हणून मी जायचो. साडेपाचला पाण्यावर, आठला परत, नाहीतर डोकं फिरतं. पाणी मधोमध डबक्याएवढं उरतं आणि जेवढे इथले रहिवासी पक्षी तेवढे त्याच्याभोवती. उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय आणि आर्ली अंडी घालतात, नुसत्या वाळूत. टिटवी तर खड्यांत घालते, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. ती ओरडत तुमच्या डोक्यावर झेपावली की समजा तुम्ही चुकीच्या दिशेने चाललात. सारसांची मोजणीही उन्हाळ्याच्या शेवटी करतात, कारण तेव्हा ते उरल्यासुरल्या पाण्याशी येतात.

कॅमेराभाऊ, नांदूर मध्यमेश्वर सुंदर आहे, मीही पाहून आलो. पण तुम्ही ताईंना "एकदाच जा" म्हणून राहिले, ते मला पटलं नाही. पोराने एकच तलाव बारा वेळा पाहिला तर त्याला कळेल काय बदललं. बारा तलाव एकेकदा पाहिले तर फोटो जमतील. आणि पक्षी लांब होते म्हणता, त्याचं कारण मी सांगू का? थवा पाण्याच्या काठाशी असताना लोक त्याच्याकडे चालत जातात. एक मान वर आली तर ठीक, ते पहारेकरी असतात. सगळ्या माना वर आल्या की दोन पावलं मागे या आणि बसा. अर्ध्या तासात तेच सरकत येतात.

ताई, तुमच्या बारा फेऱ्यांसाठी नवेगाव लांब पडेल. उमरेड रोडच्या बाजूचं पारडगाव किंवा सायकी धरा. झिल्पीही चालेल, फक्त पोराला पाण्यात उतरू देऊ नका, तिथे पोहायला उतरलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. जूनमध्ये एकदा गोरेवाड्याला जा, तलावापेक्षा झाडीसाठी. नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येईल. पांढरे, भडक कपडे नको. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशा काठावर बसा, नाहीतर सगळी बदकं काळी दिसतात आणि मग भांडण होतं की हा कोणता.


कॅमेरा_धरमपेठ
१० नोव्हेंबर, सायंकाळी ७.२०

काका, तो "चालत जाणारा" मीच असेन असं धरून चालतो. मान्य. पण सगळे फोटोवाले थवे उडवत नाहीत हेही लिहा.


लाइनमन_निवृत्त
१० नोव्हेंबर, सायंकाळी ७.४५

लिहिलं. सगळे फोटोवाले थवे उडवत नाहीत. माझ्या वहीतला मलिन बदकाचा फोटो एका फोटोवाल्यानेच काढून दिलाय.


साकोलीकर
१० नोव्हेंबर, रात्री ९.१०

नवेगावचा रस्ता सांगतो. भंडारा, लाखनी, साकोली, पुढे कोहमारा फाटा, तिथून उजवीकडे. नागपूरवरून तीन तास धरा, थांबत गेलात तर साडेतीन. कोहमाऱ्याच्या पुढे जंगल लागतं, अंधार पडायच्या आत पोचा आणि गाडी हळू ठेवा, रस्त्यावर काहीही येतं. हा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे, त्यामुळे राहण्याचं आणि आत जायचं काय चालू काय बंद ते आधी फोनवर विचारून निघा, नाताळात गर्दी असते. नाश्त्याला साकोलीला थांबा. तर्री पोहे तुमच्याकडच्यासारखे नसतील, पण आलुबोंडा आमचा सरस.

कॅमेराभाऊ म्हणतात "आता काही राहिलं नाही". आमच्या भंडारा-गोंदियात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हजारोंनी आहेत, आणि बरेच बेशरम नावाच्या झुडपाने भरले होते हे खरंय. पण काही गावांत ढिवर समाजाच्या बायांनी ती बेशरम मुळापासून उपटली, तळ नांगरला आणि जुन्या पाणवनस्पती शोधून परत लावल्या. मासे वाढावे म्हणून केलं, पक्षी आपोआप आले. त्या तलावांवर फलक नाही, मनोरा नाही, म्हणून कोणी जात नाही. जाता-येता रस्त्यावरून दिसेल त्या बोडीपाशी पाच मिनिटं थांबा. माझे अर्धे पक्षी असेच मिळाले आहेत.


मनीषनगरची_आई
११ नोव्हेंबर, दुपारी १.००

काका, तुमचं उत्तर लेकाला वाचून दाखवलं. कमळपक्ष्याच्या बायकोवर तो फार हसला, ह्यांना मात्र हसू आलं नाही. त्याने वही केलीय, चार रकाने, तुमच्यासारखे. कॅमेरादादा आणि साकोलीकर, तुमचेही आभार.

एक शंका. पाणी किती खोल आहे हे काठावरून कसं ओळखायचं?


लाइनमन_निवृत्त
११ नोव्हेंबर, दुपारी २.१५

पक्ष्यांकडूनच. बगळ्याचा गुडघा दिसला तर वीतभर. पोट पाण्याला टेकलं तर हातभर. बदक शेपटी वर करून खातंय तर तळ त्याच्या मानेच्या टप्प्यात. बुडी मारून गायब झालं तर खोल. शिवाय मागच्या वेळी पाण्यात असलेला एखादा दगड किंवा झाडाचं खोड खूण म्हणून धरायचं. दर वेळी तो किती उघडा पडला ते लिहायचं.


पाणलावा
११ नोव्हेंबर, रात्री ११.३०

एक राहिलं. संक्रांतीच्या आठवड्यात जाल तर तलावाकाठच्या झाडांना अडकलेला मांजा दिसेल तेवढा काढून आणा, पण नायलॉनचा असेल तर हाताने ओढू नका, कात्री न्या. मागच्या जानेवारीत आम्ही एक गायबगळा सोडवला, पंख निम्मा कापला गेला होता. पुढे उपचाराला नेला, पण परत उडेल असं काही वाटत नाही.


मनीषनगरची_आई
२९ डिसेंबर, रात्री ९.५०

जाऊन आलो! दोन दिवस नवेगावबांध. ऐनवेळी ह्यांना सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे मी, लेक आणि माझी नणंद. नवीन दुर्बीण घेतली, ८ बाय ४२. मामाची २० बाय ५० गच्चीत चंद्र बघायला ठेवलीय, त्याला तसंच सांगितलंय.

पहिल्या संध्याकाळी काही खास नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पाळीवर. धुकं इतकं की पाणी कुठे सुरू होतं तेच कळेना. नणंदेने थर्मासमधला चहा ओतला, तेवढ्यात वरून आवाज आला, कुठल्यातरी लग्नाच्या वरातीतला बाजा लांबून यावा तसा. दिसलं काहीच नाही. आवाज डोक्यावरून गेला आणि पाण्यावर उतरल्याचा सळसळाट झाला. साडेसातला धुकं उठलं तेव्हा समोर कादंब, लेकाने ४१ मोजले, मी ३८. वहीत ४१ आहेत.

वारकरी ओळखला, टिळ्यासकट. हळदी-कुंकू बदकही कळलं, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका. चोचीला हळदी-कुंकू लावलेला पक्षी म्हटल्यावर नणंद त्याच्यावर इतकी खूश झाली की दोन दिवस दुसरं कुठलं बदक तिने पाहिलंच नाही. येताना साकोलीकरांचं ऐकून एका बोडीपाशी थांबलो. तिथे शेकाटे आणि एक काळा शराटी. आलुबोंड्याबद्दलही तुमचं म्हणणं मान्य.

"पाणी" या रकान्यात लेकाने लिहिलंय: "बाबांच्या गुडघ्याएवढं." बाबा आले नव्हते, पण माप घरचंच बरं असं त्याचं म्हणणं.

आता एक वाद आहे, तो तुम्हीच सोडवा. त्याच बोडीच्या काठावर, कापलेल्या धानाच्या बुडख्यांत, एक तपकिरी काहीतरी होतं. वीस मिनिटं आम्ही त्याच्याकडे पाहतोय, ते जागचं हललं नाही. लेक म्हणे पक्षी, लांब चोच आहे. मी म्हटलं मातीचं ढेकूळ आहे, वर काडी अडकलीय. शेवटी उठलो, दोन पावलं टाकली, आणि ढेकूळ उडालं.


लाइनमन_निवृत्त
२९ डिसेंबर, रात्री १०.०५

सरळ उडालं की वाकडंतिकडं?


मनीषनगरची_आई
२९ डिसेंबर, रात्री १०.०७

वाकडंतिकडं. पतंगाला गोता बसावा तसं. आणि उडताना घसा खरवडल्यासारखं एकदाच ओरडलं.


लाइनमन_निवृत्त
२९ डिसेंबर, रात्री १०.१०

मग पोरगा बरोबर. पाणलावा. त्यातला नेमका कोणता ते शेपटीच्या पिसांवरून ठरतं, त्याच्या मागे आत्ता लागू नका. "पाणी" मध्ये चिखल लिहा.


पाणलावा
२९ डिसेंबर, रात्री १०.३२

ताई, मला ढेकूळ म्हटल्याबद्दल निषेध.